दप्तरी उचललेला राडारोडा

आंदोलन जिंकलं होतं, आणि मोजणीसाहेबांच्या इमारतीची पंचाईत नेमकी तिथूनच सुरू झाली. हरलं असतं तर मंडळी चिडून का होईना, आपापल्या घरी गेली असती. पण एक्केचाळिसाव्या दिवशी पालिकेचे एक मोठे साहेब आले, फळ्यांच्या व्यासपीठावर चढले, वाचनालय पाडून तिथं वाहनतळ करायचा विचार पालिकेनं सोडून दिलाय असं त्यांनी माईकवरून सांगितलं, टाळ्या घेतल्या आणि उतरताना एक फळी मोडून निघून गेले. दोन दिवसांत गर्दी पांगली.

मागे वाचनालयासमोरच्या मोकळ्या जागेत उरलं ते असं: दोन तंबू, त्यातला एक गुडघे टेकून बसलेला; चाळीसेक बांबू; व्यासपीठाच्या फळ्या; पाय मोडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या; फाटके फलक; रिकाम्या बाटल्यांचा ढीग; आणि प्लायवूडचं केलेलं दहा फूट उंच उघडं पुस्तक, जे वारा सुटला की कुणीतरी दात खात असल्यासारखं करकरायचं. शिवाय दोन माणसं. एक सिस्टर. दवाखान्यातून निवृत्त झालेली ही बाई आंदोलनात प्रथमोपचाराचं टेबल सांभाळायची आणि अजूनही सांभाळत होती. दुसरे कर्णेमास्तर. शाळेत कवायत शिकवायचे; आंदोलनात त्यांच्या हातात कर्णा आला आणि तो त्यांनी खाली ठेवलाच नाही. रोज सकाळी सात वाजता ते समोरच्या इमारतीकडे तोंड करून तीन घोषणा देत आणि मग दात घासायला जात.

हे सगळं ज्या इमारतीच्या गॅलऱ्यांतून दिसायचं, तिच्या दुसऱ्या मजल्यावर मोजणीसाहेब राहत. भूमापन खात्यात चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या, आणि एकदाही मोजणी चुकली नाही, हे ते स्वतः सांगत. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे ते दिवस मोजत होते. आंदोलन संपून आज तेवीस दिवस झाले, असं त्यांनी इमारतीच्या बैठकीत सांगितलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण पुढे ते म्हणाले, "हे कुणीतरी रीतसर लेखी द्यायला हवं."

सगळ्यांनी त्यांच्याकडे प्रेमानं पाहिलं.

"तुमच्याइतकं सरकारी कामकाज कुणाला कळतं, साहेब?" सेक्रेटरी म्हणाले. सेक्रेटरींचं रंगाचं दुकान होतं आणि कुठलंही काम दुसऱ्याच्या गळ्यात मारताना त्यांचा आवाज मधासारखा व्हायचा. "तुम्ही नुसतं एक पत्र टाका. उद्या गाडी येते की नाही बघा."

मग सल्ले सुरू झाले. तळमजल्याच्या आजोबांचं म्हणणं, पत्र लाल शाईनं लिहावं. वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या मते, अधिकाऱ्यासमोर डोळ्यांत पाणी आणलं की काम लवकर होतं. त्यांच्या बहिणीचं नळाचं काम असंच झालं होतं. कुणी म्हणालं, आधी त्या दोघांना गोडीगुलाबीनं सांगा. कुणी म्हणालं, अजिबात तोंड उघडू नका, त्यांच्याकडे कर्णा आहे.

मोजणीसाहेब घरी आले तेव्हा त्यांच्या पत्नीनं चेहरा बघूनच ओळखलं.

"काय घेऊन आलात अंगावर?"

"एक पत्र तर लिहायचंय."

"तुमच्या भावाच्या गच्चीचंही एक पत्रच होतं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब इस्त्रीचा शर्ट घालून समोर गेले. समजुतीनं बोलायचं असं त्यांनी ठरवलं होतं. सिस्टर कापसाचे बोळे करत बसल्या होत्या.

"आपलं अभिनंदन," साहेबांनी सुरुवात केली. "आपण जिंकलात. आता आपण... म्हणजे, घरी कुणी वाट बघत असेल."

"घरी मांजर आहे. तिला शेजारीण बघते," सिस्टर म्हणाल्या. "तुम्हाला आम्ही जायला हवोय, हो ना? आम्हालाही जायचंय. पण ते साहेब जे बोलून गेले, ते कुठं लिहून दिलंय? मी तीस वर्षं दवाखान्यात काढली. डॉक्टर तोंडानं जे बोलतात ते मी कधी पेशंटला दिलं नाही. कागदावर लिहा म्हणायची, मग देते."

साहेबांना हे मनातून एकदम पटलं. तेच त्यांना आवडलं नाही. ते काही बोलणार, तेवढ्यात कर्णेमास्तर बसक्या तंबूमागून म्हणाले, "ओ शेजारी, जरा ही दोरी धरा." साहेबांनी धरली. एकवीस मिनिटं धरून ठेवली. तंबू उभा राहिला. इमारतीच्या तीन गॅलऱ्यांतून हे दृश्य पाहिलं गेलं, आणि साहेबांनी समोर जाऊन तंबू काढायच्या ऐवजी ठोकून दिला, ही बातमी ते जिना चढून वर पोचायच्या आत घरी पोचली होती.

मग त्यांनी पत्राचा मार्ग धरला. पत्र चार परिच्छेदांचं होतं, सोबत हाताने काढलेला नकाशा होता, आणि त्यात बाणानं दाखवलेली उत्तर दिशा होती. स्वच्छता विभागातल्या बाईंनी ते पूर्ण वाचलं, कपाटातून एक जाड नोंदवही काढली, बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "तुमचा राडारोडा उचललाय."

"नाही हो. सकाळी बघून आलोय."

"मागच्या महिन्यात उचललाय. हे बघा." त्यांनी वही फिरवली. नोंद स्वच्छ अक्षरात होती: जुने वाचनालय पाडले. राडारोडा उचलला. जागा मोकळी. खाली सही, शिक्का.

साहेबांनी नोंद दोनदा वाचली. "बाई, वाचनालय तिथं उभं आहे."

"असेल. पण इथं पाडलंय."

"अहो, पण आंदोलन झालं ना त्याच्यावर! ते तर जिंकले!"

"जिंकले असतील," बाई शांतपणे म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांच्यासाठी वहीत असेल तेवढंच खरं होतं. "योजना विभागानं कागद आधीच पुढे सरकवला असणार. पाडकामाची तारीख होती, त्या तारखेला पाडकाम झालं. आंदोलनाचं आम्हाला कुणी कळवलं नाही. आता उचललेलं परत कसं उचलू मी? आधी तिथं राडारोडा आहे, हे सिद्ध करून आणा. मोजमाप, फोटो, आणि त्या जागेवर राहणाऱ्या दोन माणसांच्या सह्या."

चौतीस वर्षं समोरच्या खुर्चीत बसलेला माणूस अलीकडच्या खुर्चीत बसला की त्याला जे वाटतं, ते साहेबांना वाटलं. आपणही लोकांना अशाच सह्या आणायला पाठवलं होतं. बऱ्याच जणांना. ते निमूटपणे उठले.

जागेवर राहणारी माणसं दोनच होती.

"आम्ही सही करू," सिस्टर म्हणाल्या, "पण वाचनालय कागदावर पाडलंय, हे तुम्ही आत्ता आम्हाला सांगितलंत, ते खरं ना?"

"वही मी स्वतः बघितली."

सिस्टरांनी कापूस बाजूला ठेवला. मास्तरांनी कर्ण्याची बॅटरी तपासली. दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या घोषणा तीनच्या सात झाल्या. इमारतीनं याचं सगळं श्रेय साहेबांना दिलं.

मोजमाप मात्र त्यांनी मनापासून केलं. टेप, वही, कानाला पेन्सिल. किती वर्षांनी त्यांच्या हातात टेप आली होती! बांबूंचा ढीग, खुर्च्यांचा ढीग, बाटल्यांचा ढीग, पुस्तकाची लांबी-रुंदी-जाडी. दुसरं टोक धरायला मास्तर होते, आणि कवायतीच्या माणसासारखे ते "सरळ! ताठ!" असं ओरडत टेपलाच शिस्त लावत होते. बेरीज आली अकरा पूर्णांक चार घनमीटर. फोटोसाठी पत्नीला खाली बोलावलं. ढिगाच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून साहेब स्वतः शेजारी उभे राहिले. हातातली टेप नीट दिसावी म्हणून त्यांनी हात वर केला. मूठ वळलेली होती, कारण टेपचं टोक निसटत होतं. डोक्यावर काय आहे, तिकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही.

तो फोटो पत्नीनं इमारतीच्या ग्रुपवर टाकला, नुसती माहिती म्हणून. तिथून तो कुणी कुठे पाठवला ते कधीच कळलं नाही. तिसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात चौथ्या पानावर साहेब होते. मूठ आकाशात, डोक्यावर 'मरेपर्यंत मागे हटणार नाही' असा फलक, आणि खाली ओळ: 'विजयानंतरही ठाम: ज्येष्ठ आंदोलक.'

जावयांचा फोन आला. "बाबा, आम्हाला काही बोलला नाहीत. आमच्या ऑफिसात सगळे अभिमानानं विचारतायत. पण तब्येत सांभाळा हं, उपोषण वगैरे नको."

"मी आंदोलक नाही! मी तिथला राडारोडा काढायला गेलो होतो!"

"हो, हो," जावई समजूतदारपणे म्हणाले. "आता असंच म्हणावं लागतं."

साहेबांनी पेपराला खुलाशाचं पत्र लिहिलं. ते छापून आलं नाही. सेक्रेटरींनी मात्र साहेबांना पत्र लिहिलं आणि ते दाराखालून आत सरकवलं: सभासदांनी इमारतीची भूमिका सोडून परस्पर आंदोलनात सहभागी होऊ नये. साहेबांनी ते वाचलं, घडी घातली, आणि त्या दिवशी दुपारचे जेवले नाहीत. एखाद्या माणसाला वेडा म्हणा, चिकट म्हणा, तो सोसतो. पण ज्यानं आयुष्यात कामगार संघटनेच्या सहलीलाही नाव दिलं नाही, त्याला 'ज्येष्ठ आंदोलक' म्हणणं म्हणजे फारच झालं.

त्याहून मोठा घाव पुढेच होता. सह्या, फोटो आणि मोजमाप घेऊन ते स्वच्छता विभागात गेले, बाईंनी पडताळणीला माणूस पाठवला, आणि त्या माणसानं येऊन ढीग मोजला. चौदा पूर्णांक नऊ.

"तुमची मोजणी चुकली, काका," बाई म्हणाल्या.

साहेबांचे कान तापले. त्यांनी बाईंशी वाद घातला नाही. घरी येऊन गॅलरीत खुर्ची टाकली आणि पहारा सुरू केला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तळमजल्याचे आजोबा काखेत एक गादी घेऊन, फिरायला निघाल्यासारखे समोर गेले आणि गादीशिवाय परत आले. सव्वासहाला वरच्या मजल्यावरच्या वहिनी जुना मिक्सर आणि पडद्याचे दांडे घेऊन गेल्या. साडेसहाला खुद्द सेक्रेटरी आणि त्यांचा मेहुणा, एक दार नसलेलं लोखंडी कपाट मधोमध धरून रस्ता ओलांडू लागले.

साहेब चपला न घालता खाली धावले.

"सेक्रेटरी!"

कपाट रस्त्याच्या मधोमध खाली टेकलं.

"साहेब," सेक्रेटरींचा आवाज लगेच मधाळ झाला, "गाडी येणारच आहे म्हटलं, तर एकाच फेरीत—"

"साडेतीन घनमीटर!" साहेब ओरडले. "तुम्ही सगळ्यांनी मिळून माझी मोजणी साडेतीन घनमीटरनं खोटी पाडलीत!"

त्यांचा आवाज भरून आला होता. मेहुण्याला हे अजिबात कळलं नाही. त्याला वाटलं, इथं कुणीतरी गेलं असावं. त्यानं हळूच कपाटावरचा हात काढून नमस्कार केला.

स्वच्छता विभागानं, दोन मोजण्या जुळत नाहीत म्हणून, कागद योजना विभागाकडे पाठवला. योजना विभागानं पाहणी अधिकारी पाठवला. हा तरुण, नीटस माणूस होता, बूट चकचकीत. तो वाचनालयासमोर उभा राहिला, हातातल्या कागदाकडे बघितलं, इमारतीकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं.

"इमारत दिसते आहे," तो सावधपणे म्हणाला.

"आहेच ती," साहेब म्हणाले.

"दिसते आहे, एवढं मी लिहू शकतो. आहे की नाही, ते वरून ठरेल." त्याच वेळी दारातून वाचनालयाच्या बाई फडकं झटकत बाहेर आल्या आणि त्याच्याकडे एकदा बघून आत गेल्या. अधिकाऱ्यानं तिकडे पाहिलंच नाही असं केलं, दोन पावलं मागे सरला, आणि किंचाळला.

मोठ्या साहेबांनी मोडलेल्या फळीचा खिळा होता तो. चकचकीत बुटाच्या तळव्यातून आरपार.

सिस्टर इतक्या लगबगीनं आल्या की गेला दीड महिना त्या याच क्षणाची वाट बघत होत्या असं वाटावं. बूट काढला, पाय धुतला, औषध लावलं, पट्टी बांधली. मास्तरांनी त्याला खांद्याचा आधार देऊन तंबूत आणलं. साहेबांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. अधिकारी पांढराफटक पडला होता.

"धनुर्वाताचं इंजेक्शन आजच घ्या," सिस्टर म्हणाल्या. "आणि रजा घ्या. कामावर असताना झालंय, तुमचा हक्क आहे."

त्यानं रजेचा अर्ज केला, आणि तिथं त्याचीही गाडी अडली. अर्जात अपघाताचं कारण लिहावं लागतं. त्यानं लिहिलं, राडारोड्यातील खिळा. अर्ज शेरा मारून परत आला: सदर जागेवर राडारोडा नाही. म्हणजे त्याच्या पायात जो खिळा गेला, तो दप्तरी नव्हताच. चौथ्या दिवशी तो लंगडत साहेबांच्या घरी आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "काका, हे असं कसं चालेल?"

"मी तेच म्हणतोय महिनाभर," साहेब म्हणाले. मग दोघांनी मिळून बसून मसुदा केला. साहेबांच्या अनुभवाचा आणि अधिकाऱ्याच्या पायाचा असा मेळ बसला की जे काम एक्केचाळीस दिवसांच्या घोषणांनी झालं नव्हतं, ते आठवड्यात झालं. कागद आला. सही, शिक्का, जावक क्रमांक. साहेब तो घेऊन खाली उतरले आणि तंबूसमोर उभं राहून त्यांनी वाचून दाखवला: वाचनालय पाडण्यात आलेले नाही. पाडण्याचा निर्णय रद्द करण्यात आला आहे. पूर्वीची नोंद चुकीची समजावी.

सिस्टरांनी कागद हातात घेऊन स्वतः वाचला. तारीख बघितली. शिक्क्यावरून बोट फिरवलं. "हां," त्या म्हणाल्या, "आता देता येईल पेशंटला." अर्ध्या तासात त्यांनी आपलं टेबल आवरलं, आपला तंबू सोडून त्याची घडी केली, तेवढी जागा झाडली, आणि जाताना साहेबांच्या तळहाताला बांबूनं गेलेली चीर दिसली म्हणून त्यावर एक पट्टी चिकटवली. मास्तरांनी कर्णा तोंडाला लावला. साहेबांच्या लक्षात आलं, पण उशीर झाला होता.

"मोजणीसाहेब—" मास्तर गरजले.

गॅलऱ्यांतून कुणीच साथ दिली नाही. मास्तरांनी उरलेली अर्धी घोषणाही स्वतःच दिली, कर्णा पिशवीत घातला आणि चालते झाले.

आता फक्त राडारोडा राहिला होता. साहेब ताठ मानेनं स्वच्छता विभागात गेले आणि नवा कागद टेबलावर ठेवला. बाईंनी तो वाचला. त्यांचा चेहरा हळूहळू पडला.

"काका, यात तर लिहिलंय, पाडलंच नाही."

"बरोबर."

"पाडलंच नाही, तर राडारोडा कुठला?"

साहेबांनी कागद उचलून पुन्हा वाचला. "मग तो खिळा?" त्यांनी शेवटचं म्हणून विचारलं.

बाईंनी दुसरी वही काढली. खिळ्याची सोय लागली होती: तो वाचनालयाच्या नियमित देखभालीतला खिळा ठरला होता, आणि अधिकाऱ्याची रजा मंजूर झाली होती.

त्या दिवशी साहेब घरी आले, इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला, जुनी विजार चढवली आणि खाली गेले. पत्नीनं गॅलरीतून बघितलं. त्यांनी एक लांब बांबू एका टोकाला धरून उचलला. दुसरं टोक जमिनीवर राहिलं. मग ते दुसऱ्या टोकाला गेले, ते उचललं, तर पहिलं खाली. असं दोनदा झालं. पत्नी पदर खोचून खाली उतरल्या आणि त्यांनी दुसरं टोक धरलं.

गॅलऱ्यांतून सल्ले येऊ लागले. डावीकडून धरा. आधी खुर्च्या घ्या. पाठीवर जोर देऊ नका, साहेब. सल्ला वरून नीट ऐकू जात नाही म्हणून तळमजल्याचे आजोबा जवळ येऊन देऊ लागले. जवळ आल्यावर त्यांना आपली गादी दिसली, आणि ती उचलल्याशिवाय गत्यंतर राहिलं नाही. वहिनी मिक्सर घेऊन गेल्या. सेक्रेटरी आले ते कपाटाकडे न बघता सरळ प्लायवूडच्या पुस्तकाकडे गेले. "याला इकडून धरायचं असतं," ते म्हणाले, आणि बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सांगितलेलं काम स्वतः केलं. मांडववाला आपले बांबू महिनाभर शोधत होता. तो येऊन मोजून घेऊन गेला. फळ्या आणि पुस्तकाचं प्लायवूड एका सुतारानं नेलं, कपाट आणि खुर्च्या भंगारवाल्यानं. उरलेलं सगळं पिशव्यांत भरलं आणि प्रत्येक घरानं रोजच्या कचऱ्यासोबत दोन-दोन पिशव्या दिल्या. घरचा कचरा म्हणून तो दहा दिवसांत विनातक्रार गेला.

अकराव्या दिवशी जागा इतकी मोकळी झाली की वाचनालयाचं दार इमारतीतून कित्येक दिवसांनी पूर्ण दिसलं. ज्यासाठी एवढा खटाटोप झाला ते आहे तरी काय, म्हणून साहेब रस्ता ओलांडून आत गेले. वाचनालयाच्या बाईंनी त्यांच्या धुळीनं भरलेल्या हातांकडे बघितलं.

"हात धुऊन या. नळ मागे आहे."

साहेब धुऊन आले. उंच खिडक्या, लांब टेबलं, थंडगार सावली. कोपऱ्यातल्या खुर्चीत एक माणूस तोंडावर पेपर घेऊन, पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकून निवांत झोपला होता. पायांशी पिशवी होती, आणि पिशवीतून कर्ण्याचं तोंड बाहेर डोकावत होतं.

साहेबांचं रक्त तापलं. म्हणजे हा गेलाच नव्हता! फक्त रस्त्यावरून आत आला होता!

"अहो बाई, हे इथं कधीपासून—"

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं. शांतता राखा.

साहेबांनी उघडलेलं तोंड मिटलं. बाहेर ऊन होतं, घरी जायची घाई नव्हती, आणि मास्तरांचे पाय ज्या खुर्चीवर होते तिच्या शेजारची एक खुर्ची रिकामी होती. त्यांनी ती जराही आवाज न करता ओढली आणि बसले.